चांदणी काळी होती की पांढरी?

वाचकाचा प्रश्न : डिचोली तालुक्यातल्या एका वाचक ताईंचे (वय ५१) वडील सात महिन्यांपूर्वी वयाच्या ८७व्या वर्षी वारले. तरुणपणी ते बेळगावात टांगा चालवत. १९७५ साली टांगा आणि घोडा विकून ते धाकट्या भावाबरोबर गोव्यात आले आणि सत्तरी तालुक्यातल्या एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घोडीची देखभाल करू लागले. घोडीचं नाव चांदणी. भाटकार तिच्यावर बसून कुळागरं (नारळ-सुपारीच्या बागा) बघायला जायचे. काका लवकरच बेळगावला परतले, बाकीचं कुटुंब १९८१ मध्ये गोव्यात आलं. १९८६ मध्ये चांदणी गेली आणि भाटकारांनी तिचं सगळं सामान बाबांनाच देऊन टाकलं. ते आणि टांग्याच्या घोड्याचं उरलेलं सामान आज माळ्यावर आहे: खोगीर, दोन लगाम, टांग्याचा छातीपट्टा, घुंगरांचा पट्टा, चार नाल आणि डब्यात सहा फोटो.

आता घर दुरुस्तीला काढलं आहे. धाकटा भाऊ म्हणतो, बुरशी लागलेलं चामडं टाकून द्या, नाहीतर एका रिसॉर्टवाल्याने सजावटीसाठी मागितलं आहे त्याला देऊन टाकू. आई (७६) कशालाच हात लावू देत नाही. ताईंना वर्षश्राद्धाच्या आत घरातल्या मुलांसाठी छोटी पुस्तिका करायची आहे. पण आई म्हणते चांदणी पांढरीशुभ्र होती, तर बेळगावचे काका (७९) म्हणतात काळसर होती. काका असंही म्हणाले की रविवारी भाऊ टांग्याच्या घोड्याची चंदी (दाण्याचा खुराक) निम्मी करायचा. बाबा जन्मभर बोलले ते फक्त चांदणीबद्दल; टांग्याचा घोडा विकल्यावर त्याचा विषय कधी काढला नाही. ताई विचारतात, “बाबांचा जीव चैनीच्या घोडीवर होता, राबणाऱ्या घोड्यावर नव्हता, असं लिहायचं का? आणि ज्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत त्या मुलांना कशा सांगायच्या?”

उत्तर :

ताई, तुम्ही तीन गोष्टी पक्क्या धरून चालला आहात. आई आणि काका यांच्यापैकी एकाची आठवण चुकते आहे, निम्मी चंदी म्हणजे हात आखडणं, आणि बाबा बोलले नाहीत म्हणजे त्यांना काही वाटलं नाही. घोड्याचं काम जवळून माहीत असलेला माणूस यातल्या एकाही गोष्टीला लगेच मान डोलावणार नाही.

आधी रंगाचं. आई आणि काका दोघंही खरं सांगत असावेत. ज्याला आपल्याकडे सबजा म्हणतात तो घोडा जन्मतः सबजा नसतो. शिंगरू काळं, तपकिरी किंवा तांबूस जन्मतं. मग दर वर्षी केस गळून नवे येतात तेव्हा त्यात पांढरे केस वाढत जातात, बहुधा डोळ्यांभोवती आणि तोंडाकडे आधी. तीन-चार वर्षांची सबजा घोडी लोखंडासारखी करडी दिसते, पुढे अंगावर गोल गोल छटा उमटतात, आणि आठ-दहा वर्षांची होईतो बरेच सबजे घोडे जवळजवळ पांढरे होतात. पाय, आयाळ आणि शेपटी पुष्कळदा मागे राहतात. काकांनी तिला १९७५ मध्ये पाहिलं, आईने १९८१ नंतर. तेव्हा चांदणी तरुण असेल तर मधल्या सहा वर्षांत घोडी तीच राहिली आणि रंग बदलला, इतकंच.

तुमच्याकडे सहा फोटो आहेत, त्यावरून हे तपासता येईल. पांढऱ्या दिसणाऱ्या फोटोत तिचं तोंड आणि डोळ्यांच्या कडा बघा. सबज्या घोड्याचे केस पांढरे झाले तरी खालची कातडी काळीच राहते, त्यामुळे नाकपुड्यांभोवती काळपट दिसतं. जन्मापासून पांढऱ्या घोड्याची कातडी गुलाबी असते आणि असे घोडे फार क्वचित सापडतात. मग सहाही फोटो अंगाच्या गडदपणानुसार ओळीने मांडा. ती ओळ बहुधा वर्षांचीही ओळ निघेल, म्हणजे मागे तारीख नसलेल्या फोटोंचा क्रम लागेल. मात्र एका फोटोवर भिस्त ठेवू नका. कडक उन्हात काढलेल्या कृष्णधवल फोटोत रंग फिका दिसतो, आणि पावसात भिजलेली घोडी आहे त्यापेक्षा गडद दिसते.

नावाचंही एक आहे. आई म्हणत असेल की चांदण्यासारखी पांढरी म्हणून चांदणी. पण तरुणपणी ती काळसर असेल तर नाव रंगावरून कसं पडेल? गडद घोड्याच्या कपाळावर पांढरा ठिपका असला तर तो लांबून उठून दिसतो, आणि घोडा पांढरा होत गेला की तो त्या पांढऱ्यात मिसळून जातो. नाव अशा ठिपक्यावरूनही पडलेलं असू शकतं. काकांना एवढंच विचारा, “चांदणीच्या कपाळावर काही होतं का?” त्यांच्या तोंडात उत्तर घालू नका, ठिपका हा शब्द तुम्ही उच्चारू नका.

आता चंदी. टांग्याचा घोडा लहान चणीचा, तीनशे-साडेतीनशे किलोचा असतो. त्याला दिवसाला वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा चारा-दाणा लागतो, म्हणजे सात-आठ किलो. त्यातली चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे आणि कोंडा, दोन-तीन किलो, दोन-तीन वेळांत वाटून. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असतं, एकदम दाणा दिला तर पोटशूळ उठतो. ही चंदी कामाच्या दिवसासाठी असते. सहा दिवस पळणारा घोडा रविवारी तबेल्यात उभा राहिला आणि दाणा मात्र पूर्ण खाल्ला, तर त्या दाण्याची साखर स्नायूंत साठते. सोमवारी टांगा जोडून निघालं की पाव-अर्ध्या तासात त्याच्या मागच्या पायांच्या मांड्या दगडासारख्या ताठरतात, अंगाला घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. त्यात घोडा दगावूही शकतो. सुटीनंतर गाठतो म्हणून इंग्रज याला सोमवारचा रोग म्हणत. यावर जाणते लोक एकच उपाय करत: सुटीच्या दिवशी दाणा निम्मा, गवत जास्त, आणि हातात दोर धरून थोडं फिरवणं.

म्हणून काकांना पुढचा प्रश्न असा विचारा: त्या दिवशी गवत वाढवायचे का, संध्याकाळी घोड्याला फिरवून आणायचे का? उत्तर हो आलं तर बाबा काय करत होते ते तुम्हाला कळलं. काका म्हणाले की नाही, पैसेच नसायचे, तर तेही तसंच लिहा. भाडं न मिळालेल्या दिवशीही घोड्याला खायला लागतं आणि टांगेवाल्याच्या घरात आधी चंदीचा पैसा बाजूला निघतो. ज्या घरात हे झालं त्या घरातल्या मुलांना ते कळायला हवं.

तिसरी गोष्ट बाबांच्या न बोलण्याची. विकलेल्या घोड्याबद्दल माणूस का बोलत नाही याची कारणं पुष्कळ असू शकतात, आणि ती विचारायला आता बाबा नाहीत. शिवाय चांदणी बाबांसाठी चैन नव्हती. ती दुसऱ्याची घोडी होती आणि तिला सांभाळणं ही त्यांची नोकरी होती. ओल्या कुळागरात फिरणाऱ्या घोडीचे खूर पावसाळ्याचे चार महिने कोरडे आणि साफ ठेवणं हे रोजचं काम. ते चुकलं तर तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचा कुजतात, काळा चिकट स्राव येतो आणि त्याचा वास विसरता येत नाही. आईला तो वास आठवतो का, बघा. दोन्ही घोड्यांची तुलना करायचीच असेल तर मनाने न करता सामानावरून करा. वापरलेल्या सामानावर वापरणाऱ्याचा हात दिसतो.

एक जुनी पांढरी चादर दिवसाउजेडी ओटीवर अंथरा आणि सगळं सामान तिच्यावर मांडा. सुरुवात टांग्याच्या छातीपट्ट्यापासून करा. टांगा ओढण्याचा जोर याच पट्ट्यावर येतो, म्हणून घोड्याला इथे जखम होऊ शकते. पट्टा उलटा करा आणि आतली बाजू बघा. तिथे नमदा किंवा घोंगडीचा तुकडा शिवलेला आहे का? टाके कारखान्याचे एकसारखे आहेत की हाताचे, मेण लावलेल्या दोऱ्याचे, पुन्हा पुन्हा घातलेले? एका जागी जास्त जाड थर असेल तर घोड्याला तिथे घासत होतं आणि कुणीतरी ते पाहून सोय केली होती. मग बकलाची भोकं बघा. ओढून लांबट झालेलं भोक ते रोजचं. त्याच्या पुढे आरीने पाडलेलं, कडा ओबडधोबड असलेलं एखादं जादा भोक असेल, तर घोडा कधी तरी वाळला होता, किंवा हे सामान आधी दुसऱ्या घोड्याचं होतं.

लगाम दोन आहेत म्हणता. तोंडातली लोखंडी दांडी सरळ आणि बाजूच्या पट्टीला एकाखाली एक भोकं असतील तर तो बहुधा गाडीचा. मधोमध सांधा आणि दोन्हीकडे गोल कड्या असतील तर बहुधा स्वारीचा. दांडीची आतली लांबी फूटपट्टीने मोजा. साडेचार इंचांच्या आसपास म्हणजे लहान तट्टाचं तोंड, पाच किंवा जास्त म्हणजे मोठा घोडा. डोळ्यांची झापडं ज्या लगामाला आहेत तोही गाडीचाच.

नालही उलटसुलट बघा. पुढच्या पायाचा नाल गोलसर, मागचा जरा निमुळता. डांबरी रस्त्यावर रोज धावणाऱ्या घोड्याचा नाल पुढच्या टोकाला झिजून पातळ होतो, चार-सहा आठवड्यांत बदलावा लागतो. चारही नाल असे झिजलेले असतील तर ते चांदणीचे नसावेत. कुळागराच्या मऊ वाटेवर नाल एवढा झिजत नाही. आणि मग तुमच्या मूळ प्रश्नाला वजनदार उत्तर मिळेल, कारण नोकरीच्या घोडीचं सामान बाबांना भाटकारांनी दिलं, पण टांग्याच्या घोड्याचे झिजलेले नाल त्यांनी स्वतः बेळगावहून घाट उतरून आणले आणि पन्नास वर्षं ठेवले.

आता बुरशी. भावाची काळजी खोटी नाही. बुरशीची धूळ श्वासात जाणं बरं नव्हे, आणि आईच्या वयाला तर नाहीच. पण बुरशी म्हणजे चामडं संपलं असंही नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की चामड्यावर बुरशी धरते. कौलाखालचा माळा तर सर्वांत वाईट जागा, दिवसा भट्टी आणि पावसाळ्यात दमट. सामान आत्ताच खाली आणा, खोक्यात भरू नका, वारा खेळेल अशा खोलीत मोकळं ठेवा. साफसफाई मात्र चवथ (गणेशचतुर्थी) होऊन पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी काढा.

साफ करताना नाकाला मास्क, हातात मोजे, आणि काम घराबाहेर सावलीत. उन्हात अजिबात नको, चामडं आकसून तडकतं. आधी एक परीक्षा: बोट हलकेच फिरवा. बोटाला विटकरी भुकटी लागली तर ते चामडं आतून कुजत चाललं आहे. त्याला पाणी, साबण, तेल काहीही लावू नका, लावलं की काळं पडून कडक होतं. त्याची धूळ मऊ कुंचल्याने झटका, सुती कापडात गुंडाळा आणि राहू द्या. भुकटी निघत नसेल तर कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडा, मग घट्ट पिळलेल्या कपड्याने, लागल्यास खोगिराच्या ग्लिसरीन साबणाचा नुसता हात फिरवून पुसा. नळाखाली धरायचं नाही. नंतर दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. पितळी बकलांभोवती हिरवा मेणचट थर असेल, तो बांबूच्या काडीने खरवडा, चाकूने नको.

खोबरेल तेल लावू नका. कुणीतरी नक्की सुचवेल. जे सामान आता घोड्यावर चढणार नाही त्याला तेलाची गरज नसते. तेलाने ते चिकट होतं, धूळ धरतं, आणि पुढच्या पावसात बुरशी दुप्पट येते.

ठेवायची पद्धतही महत्त्वाची आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, या कोड्याचं ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर चामड्यालाही लागू पडतं. एकाच घडीत वर्षानुवर्षं पडलेला पट्टा नेमका घडीवर तुटतो. म्हणून पट्टे घडी न घालता सैल गुंडाळा, लगामाचा वरचा भाग नारळाएवढ्या गोल डब्यावर ठेवा, खोगीर खिळ्याला न टांगता गुंडाळलेल्या चादरीच्या लोडावर ठेवा. वर धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड. खळ असली की रुपेरी किडे येतात. प्लास्टिकची पिशवी नको. कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लावून ठेवू नका. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा बघा.

आणखी एक, ताई. घरातल्या कुठल्याही मुलाला त्या खोगिरावर बसवून खऱ्या घोड्यावर फोटो काढायचा मोह झाला तर आवरा. आतला लाकडी सांगाडा मोडलेला असेल तर वरून कळत नाही, आणि रिकिबीच्या पट्ट्याची शिवण चाळीस वर्षांनी वजन पेलत नाही.

फोटो आधी जसेच्या तसे स्कॅन करा, किमान ६०० डीपीआय, छोटे असतील तर १२००. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने, कडेला. बाबा घोडीशेजारी उभे असलेला फोटो असेल तर तिची उंचीही काढता येईल: बाबांची उंची माहीत आहे, मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा त्यांच्या कुठे येतो ते मोजा. दोघंही कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असले तरच हा हिशेब खरा.

रिसॉर्टच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. भिंतीला खिळे ठोकून, वॉर्निश मारून, समुद्राच्या खाऱ्या हवेत टांगलेलं चामडं फार टिकत नाही, आणि खोगीर कुणाचं हे तिथे कुणाला माहीत नसतं. पण घर लहान आहे, आणि सगळं ठेवलंच पाहिजे हा हट्टही भावावर लादू नका. छातीपट्टा, एक लगाम, घुंगरांचा पट्टा आणि नाल एका मध्यम पेटीत मावतात. जागा अडते ती खोगिराची. ते घरी नकोच असेल तर आधी संग्रहालयात विचारा. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात जुनी अवजारं आहेत आणि त्याच ठिकाणी चाकांच्या गाड्यांचाही संग्रह आहे, पणजीत राज्य संग्रहालय आहे. संग्रहालयं प्रत्येक वस्तू घेत नाहीत, म्हणून फोटो, मापं आणि अर्धं पान माहिती पाठवून मग विचारा. ही वस्तू कुणाची, कुठे, कोणत्या वर्षांत वापरली हे लिहिलेलं असेल तर होकाराची शक्यता वाढते. देण्याआधी आईला विचारा, आणि देऊन टाकू का असं विचारू नका. कुठलं सामान हाताशी ठेवू, असं विचारा. आई बहुधा घुंगरांचा पट्टा मागेल, त्याचा आवाज तिने रोज ऐकलेला आहे.

पुस्तिका भव्य करू नका. गोवा आणि घोडे म्हटलं की अरबी घोड्यांची गलबतं, आल्बुकेर्कने १५१० मध्ये घेतलेलं बंदर, विजयनगरला जाणारे कळप हे सगळं मांडावंसं वाटतं. ते खरं आहे आणि रोचकही आहे, पण ते कुठेही वाचायला मिळेल. मुलांनी शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारी घोडेमोडणी पाहिलेली आहे. घोडा रोज सकाळी किती पाणी पितो हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते सांगा. एका पानावर एक वस्तू, तिचा फोटो, माप, आणि तिच्याबद्दल कोण काय म्हणालं ते त्यांच्या शब्दांत. “आई म्हणते पांढरी, काका म्हणतात काळसर” हे दोन्ही ठेवा आणि खाली सबज्या घोड्याचं चार ओळींत सांगा. मुलांना ते पान सर्वांत आवडेल.

हे सगळं थांबू शकतं, काकांकडे जाणं थांबू शकत नाही. चामड्याच्या सफाईची वाट बघू नका, या महिन्यातच बेळगावला जा. दोन्ही लगाम आणि एक नाल पिशवीत घालून न्या आणि बोलणं सुरू करण्याआधी त्यांच्या हातात द्या. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पंखा बंद करा, पाऊण तासाहून जास्त बसवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. “घोडा कसा होता” या प्रश्नाला “चांगला होता” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: पहाटे उठल्यावर भाऊ आधी काय करायचा? खरारा कोण करायचं? नालबंद कुठे बसायचा? टांग्याच्या परवान्याचा बिल्ला होता का, नंबर आठवतो का? घोडा कुठल्या चढावर अडायचा? कुणाला चावायचा? विकला त्या दिवशी दोर कुणाच्या हातात दिला?

आणि या सगळ्यांच्या आधी एक. तुमच्या पाच पानांच्या पत्रात चांदणीचं नाव पुन्हा पुन्हा आलं आहे. टांग्याच्या घोड्याचं नाव कुठेच नाही. काकांना पहिलं तेच विचारा.